शेडमधला पेट्रोलचा वास

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

परत तो वास! सकाळी शेडच्या दारातच नाकात शिरला. मी ओरडले, "पेट्रोल गळून राहिलं!" हे विमानाखाली आडवे, शांत. कोरोनापासून यांना वासच येत नाही. भाजी करपली तरी कळत नाही. आणि हा माणूस घरी विमान बांधतो! आयटीआयमधून रिटायर झाल्यापासून पाच वर्षं दुसरं काही नाही.

इंजिनकडे जाणारा रबरी पाइप घामेजलेला होता. यांनी बोट लावलं तर काळं आलं. "मोटरसायकलचा पाइप, चांगला होता," म्हणाले. मग स्वतःच, "आताच्या पेट्रोलमंधी इथेनॉल रायते. हे रबर नाही टिकत त्याच्यात." वीतभर खाली सायलेन्सर. तापलेल्या सायलेन्सरवर एक थेंब पडला असता तर —

पुढे लिहवत नाही.

१९ नोव्हेंबर

नवे पाइप बसवले. इथेनॉल चालणारे, वरून आग न धरणारं कव्हर, प्रत्येक जोडाला क्लिप. मग मला हाक मारली. "येते का वं वास?"

वाकून वाकून हुंगलं. नव्हता. खरंच नव्हता.

"येते," मी म्हणाले.

का म्हणाले? परवानगीचा कागद आलाय. यांचे मित्र यादोराव, त्यांच्या पडीक जमिनीवर धावपट्टी साफ करून तयार. धान कापून झालं की पहिलं उड्डाण. म्हणून म्हणाले.

२० नोव्हेंबर

सगळं खोललं, सगळं परत बसवलं. "आता?" — "येते."

२४ नोव्हेंबर

थकले. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना डोळे मिटत होते. खोटं बोलायला एवढी ताकद लागते, माहीत नव्हतं.

हेही थकलेत. गुडघे धरून उठतात. साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधतात, पाइपाखाली कोरा कागद ठेवून डाग पाहतात. डाग नाही. तरी मलाच विचारतात. चिडत नाहीत! एकदा तरी चिडायचं होतं.

खुशबूचा नागपूरहून फोन. "आई, बाबा कधी उडनार?" म्हटलं, वास येते अजून. लेकीलाही खोटं.

२९ नोव्हेंबर

यादोराव आले होते. "वहिनी, धान कापून झालं. लोकं विचारून राहिले. काहून थांबले म्हनते."

मी चहाच्या निमित्तानं आत सटकले. यांचा आवाज आला — "रुखमा 'वास नाही' म्हनत नाही, तोवर नाही. पाइप झाले, पेट्रोलचा कॉक झाला. आता टाकीच राहिली."

टाकी काढायची म्हणजे अर्धं विमान सोडवायचं. मीच लावलं त्यांना या कामाला.

४ डिसेंबर

यादोरावांच्या मदतीनं टाकी निघाली. फायबरची, यांनीच घडवलेली. आत टॉर्च मारला आणि हे तिथंच खाली बसले. "इकडं ये."

आतला थर सुटला होता. बोटाला गुळाच्या पाकासारखा चिकटला. पेट्रोल जायची जाळी अर्धी बुजलेली. इथेनॉलनं टाकीच विरघळवायला घेतली होती!

"वरती गेल्यावर पेट्रोलच थांबलं असतं. इंजिन बंद. तिथंच."

मग माझा हात धरला. यादोरावांसमोर! लग्नाला एकतीस वर्षं झाली, चारचौघांत कधी धरला नव्हता. "तुह्या नाकानं वाचवलं मले."



७ डिसेंबर

गावभर तेच. बाया हसतात, "दाखव ना वं नाक!" बाहेर पडावंसं वाटत नाही. हे अॅल्युमिनियमच्या नव्या टाकीचं माप काढत बसलेत. म्हणजे अजून महिना-दीड महिना. मला बरं वाटायला पाहिजे. वाटत नाही.

८ डिसेंबर

सांगितलं. शेडमध्ये, उभ्या उभ्या. "पहिला वास खरा होता. मंगचे सारे खोटे. मले भेव लागे."

हे मापाची टेप गुंडाळत राहिले. मग खालीच पाहून म्हणाले, "मले बी. रोज तुले विचारो ना, तवा वाटे — तू 'येते'च म्हन."