शेवंतीची वाटणी

प्रिय ठमाकाकू,

खुरप्याचं पातं शेवंतीच्या मुळांतून जाताना कर्रकन आवाज यायचा, आठवतो? तू, एवढीशी ठमाकाकू, पायरीवर बसून कानांवर हात ठेवायचीस. झाडाला दुखतंय म्हणून रडायचीस. तुझी आई मान वर न करता समजावायची, मधला जून, लाकडासारखा झालेला भाग काढून टाकायचा, कडेचे कोवळे फुटवे वेगळे लावायचे, तरच पुढच्या वर्षी फूल धरतं. नाहीतर गड्डा आतून मरत जातो. मी मागे उभा राहून शाळेतली एखादी कविता चालीवर म्हणायचो आणि ती म्हणायची, कविता झाली असेल तर झारी भरून आणा.

इकडे थंडी ओसरली. समोरच्या शिंप्याने दुकानाला बघवणार नाही इतका हिरवा रंग दिलाय. माझा गुडघा बरा आहे.

वाफ्याचं विचारलं होतंस. सांगायचं टाळत होतो. दोन-तीन वर्षांतून एकदा करायचं ते काम तुझी आई आता रोज करते. सकाळी गड्डा उकरते, फुटवे सुटे करते, लावते, हात धुते. दुपारी तिला वाटतं, यंदा शेवंती वेगळी करायची राहूनच गेली. पुन्हा उकरते. मूळ धरायला झाडाला उसंतच मिळाली नाही. मी खुरपं माळ्यावर टाकलं, तर स्वयंपाकघरातला डाव घेऊन गेली. तिची पाठ वळली की मी ते तुकडे पुन्हा मातीत दाबायचो. एकदा तिने पकडलं आणि मला माळी समजून दम भरला, उद्यापासून वेळेवर या आणि विचारल्याशिवाय कशाला हात लावू नका. तेव्हा हसलो. इतक्या वर्षांच्या संसारात झारी भरणाऱ्याचा माळी झालो, बढतीच की.

माझं नाव तिच्याकडून गेलं तरी कविता होत्या. मी ओळ अर्धी सोडायचो, ती यमकासकट पुरी करायची, आणि मी स्वतःची समजूत घालायचो की आत कुठेतरी ती शाबूत आहे. परवा अर्धी ओळ तशीच लोंबकळत राहिली. तिने माझ्याकडे सभ्यपणे पाहिलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तसं.

विसरभोळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या त्या संस्थेत तिला ठेवायचं तू सुचवलंस तेव्हा मी तुझ्यावर ओरडलो होतो. वाफ्यात एक झाड असेपर्यंत ती या घरातून हलणार नाही, असं ठणकावलं होतं. आता वाफ्यात झाड नाही. शेवटचा तुकडा बोटाच्या पेराएवढा होता, तोही तिने चिरला. पण कारण ते नाही. सोमवारी ती कुणाला तरी फुटवे द्यायला म्हणून बाहेर पडली, ओंजळीत नुसती माती घेऊन. भर रस्त्यातून बेकरीवाल्याने हाताला धरून आणली. एका पायात चप्पल नव्हती. मी खुर्चीत पेंगत होतो.

म्हणून हे पत्र. फोनवर बोलायचं तर ती शेजारीच असते. संस्थेला मी होकार कळवलाय. पुढच्या गुरुवारी त्यांची गाडी येईल. तुझ्या गॅलरीतली शेवंती मात्र आणू नकोस. तिच्या हातची तेवढीच उरली आहे, ती तिच्या हाती लागायला नको. तू फक्त ये. तिला गाडीत बसवणं माझ्याच्यानं होणार नाही गं.

तुझाच,
बाबा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर पुढच्या दाराची कडी वाजली. ती आत झोपली आहे अशा समजुतीत मी दार उघडलं. बाहेर तुझी आई. मागच्या दाराने कधी निघाली, कळलंच नाही. केस नीट विंचरलेले. परक्या घरी पहिल्यांदाच आल्यासारखी अवघडून उभी होती. म्हणाली, "बाई आहेत का घरात? त्यांची शेवंती वेगळी करायची राहिलीय म्हणे, म्हणून आले."

आहेत, म्हटलं. या, बसा.