लाल-पांढरा सदरा

शारजा, १२ फेब्रुवारी १९६४

कुलसुमला खैरुद्दीनचा सलाम. मी इथे बरा आहे, तू आणि नूरजहाँही बऱ्या असाल अशी दुआ करतो. पोरीचा खोकला गेला का?

रजेवर गावी आलेल्या हमदुल्लाच्या हाती पाठवलेला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा जुना सदरा इटालियन साहेबांनी दिला, असं तुला लिहिलं होतं. ते खोटं होतं. कॅम्पचे कपडे मीच धुतो, त्यातून मी तो उचलला. कोपरांवर ठिगळं होती, म्हटलं आता कोण घालतो.

काल साहेब मोडक्या हिंदीत त्या सदऱ्याचं सगळं बोलले. त्यांच्या गावात दोरखंड वळणाऱ्यांनी १९१२ साली फुटबॉलचा क्लब काढला. साहेबांचे वडील गोलकीपर होते. लढाईत मैदानावर बटाटे लावले, क्लब मोडला, वडिलांचा हा एकच सदरा राहिला. पुढे क्लब परत उभा केला, तेव्हा त्याच्याच नमुन्यावर सगळे नवे सदरे शिवले.

तू तो गोधडीला लावला असशील, तर हळूच उसव. कापला असलास तरी तुकडे, हमदुल्ला इकडे परत निघेल तेव्हा, त्याच्याकडे दे. अब्बांना सांगू नकोस.

सदरा कुणी घेतला, हे साहेबांनी कॅम्पातल्या एकेकाला बोलावून विचारलं. मला विचारलं नाही. मला सोबत घेऊन ते शोधत होते.

तुझा
खैरुद्दीन