सातवी जाऊ

३ तारीख, सोमवार

आले एकदाची! दोन बॅगा, घडीची खुर्ची आणि ही कोरी वही. क्वार्टर दोन खोल्यांचं आहे. नळ गळका आहे, पण खिडकीतून केंद्राच्या तिन्ही डिश दिसतात. केंद्र म्हणजे टेकडीवरची बैठी इमारत. इथून सहा उपग्रह सांभाळायचे. साध्या फोनचे मनोरे जिथे पोचत नाहीत, तिथल्या जहाजांचं बोलणं हे सहा इकडून तिकडे नेतात. माझा नवरा तसल्याच एका जहाजावर इंजिन बघतो. मी हीच नोकरी का धरली, ते वेगळं सांगायला नको.

वरिष्ठ तंत्रज्ञांना सगळे काका म्हणतात. सगळे म्हणजे मीच, दुसरं कुणी नाहीच इथे. त्यांनी उपग्रहांच्या जावा करून टाकल्यात, थोरलीपासून धाकटीपर्यंत. एकीचं तोंड दुसरीला दिसत नाही म्हणून भांडण नाही, म्हणाले. मी सातवी.

५ तारीख, बुधवार

काम सोपं आहे. जाऊ क्षितिजावर आली की हाक पाठवायची, उत्तर आलं की नोंदवहीत ‘बोलली’ लिहायचं. उत्तराला किती वेळ लागला त्यावरून यंत्र तिचं अंतर दाखवतं. सातशे किलोमीटरच्या आत एकही येत नाही, त्यांची वाटच तेवढी उंच. दहा-अकरा मिनिटांत ती पलीकडे बुडते. बुडताना काका माइकमध्ये न चुकता ‘ये हं’ म्हणतात. मला हसू फुटलं. त्यावर म्हणाले, घरातून निघालेल्या माणसाला आपण जा म्हणतो का? इथेही म्हणायचं नाही.

नवराही तसलाच. दुपारी फोन आला. अकरा मिनिटांतली चार माझ्या गळक्या नळावर गेली. शेवटी नेहमीचं, “बरं, येऊ का?” मीही नेहमीचं, “ये.” बसलाय समुद्राच्या मधोमध आणि म्हणे येऊ का!

१२ तारीख, बुधवार

आज थोरलीने डोकं उठवलं. एकच निरोप दहादा पाठवत होती. ती बुडायला आली आणि मी वैतागून म्हणाले, “जा आता, जा.” माइक चालू होता. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मी सारवासारव केली, की नावातच जाऊ आहे, जाणारच ना? ते हसले नाहीत.

१३ तारीख

थोरली आली नाही. मुख्यालयातले म्हणाले, बॅटरी गेली असेल, वय झालंय तिचं. मी ‘गप्प’ लिहिलं. काकांनी नोंदवहीत हा शब्द पहिल्यांदाच बघितला म्हणे.

१६ तारीख

दुसरी आणि तिसरीही गप्प. मुख्यालयातून आता कारण सांगत नाहीत, फक्त वेळा विचारतात.

१८ तारीख

चौथी, पाचवी. आता धाकटी तेवढी उरली. आम्ही आणि नवऱ्याचं जहाज, दोघंही तिला एकदम दिसतो ते फक्त दुपारी चारला. जीव टांगणीला लागलाय. तरी जेवले, भांडी घासली.

१९ तारीख

चारला फोन आला. त्याचा आवाज सपाट होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. म्हणाला, आठवडाभर जहाजावरचा फोन अवेळी वाजतोय. उचलला की एक बाई म्हणते, जा आता, जा. पहिल्यांदा आचाऱ्याने उचलला. फोन नीट जागेवर ठेवला, कठडा ओलांडला आणि गेला. मग कप्तान. मग बाकीचे. कालपासून हा एकटाच आहे.

“आवाज तुझा आहे गं,” म्हणाला.

अकरा मिनिटं संपली. येऊ का, असं त्याने विचारलं नाही.

२० तारीख

काकांना सगळं सांगितलं. म्हणाले, शब्द परत घेता येत नाही, दुसरा पाठवता येतो. चारला धाकटी आली. पूर्ण अकरा मिनिटं मी माइकमध्ये एकच म्हणत राहिले. ये. ये. ये. घसा बसला. ती बुडता बुडता त्याचा आवाज आला, “येतो.”

जीव भांड्यात पडला. रडलेही थोडी.

२१ तारीख

धाकटी गप्प. सहाही गेल्या. मुख्यालयाने केंद्र बंद करायला सांगितलं. काकांनी डबा पिशवीत घातला, दारात थांबले आणि म्हणाले, “जातो.” येतो नाही म्हणाले.

मी थांबलेय. तो येतो म्हणालाय ना.

२३ तारीख

चारला सवयीने हाक पाठवली. आकाशात कुणी नाही. तरी उत्तर आलं. “येतो.” अंतर अकराशे चाळीस.

नोंदवहीत ‘बोलली’ लिहिलं. मग खोडून ‘बोलला’.

२४ तारीख

सहाशे दहा. सातशेच्या आत कुणी येत नाही. मीच लिहिलंय वर, पाचव्या तारखेला.

२५ तारीख

नव्वद. मुख्यालयाला फोन केला. त्याचं जहाज रिकामं सापडलं म्हणाले, तीन दिवस झाले. कठड्यापाशी एक जोडी बूट, नीट ठेवलेले. नंबर आठ. त्याचाच. भीती वाटायला हवी. वाटत नाही. हात तेवढे गार आहेत.

२६ तारीख

चार किलोमीटर. हाक मी पाठवलीच नव्हती—

२७ तारीख, दुपार

यंत्राची तार काढली. तरी आकडा दिसतोय. शून्य.

पायऱ्यांवर पावलं. अनवाणी. सावकाश.

दारापाशी थांबला. आवाज त्याचाच— अगदी नेहमीचा—

“येऊ का?”

आत येताना हेच विचारायचा. निघतानाही हेच. आता कुठलं विचारतोय— जा तर मला म्हणता येत नाही— एकदा म्हटलं तर काय झालं— आणि ये म्हटलं तर—

पुन्हा विचारतोय. कडी हलतेय. बिचारा किती लांबून—

म्हटलं मी. ये म्ह