रॅम्बलरचे ब्रेक

प्रिय मार्टा,

अक्षर वाकडं दिसलं तर घाबरू नकोस. उजव्या अंगठ्याला पट्टी आहे, एवढंच. नखांत काळं ग्रीस इतकं मुरलंय की तुझे बाबा म्हणाले, रविवारी चर्चला जाताना हातमोजे घाल. मी नाही घातले. तशीच गेले आणि पाद्रीबुवांशी चांगला दणकून हात मिळवला.

आपली जुनी रॅम्बलर गाडी मी दुरुस्त करतेय. मी, म्हणजे मीच. तुला आठवतं ना, बाबांनी ती कुणाच्या तरी शेतावरच्या गोठ्यातून ओढून आणली होती? मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. तू आठवडाभर पिसं वेचत होतीस. तेव्हापासून दर वसंतात बाबा तिच्या पोटाखाली आणि मी शेजारी दिवा धरून उभी. "एल्सी, अर्ध्या इंचाचा पाना. तो नव्हे गं! दिवा इकडे धर, माझ्या डोळ्यांत नको." इतकी वर्षं पाने नुसते देत आले. एकदाही त्यांनी एखादा नट मला पिळू दिला नाही. "तुझं मनगट त्यातलं नाही," म्हणायचे. या मनगटाने मी पीठ मळलं, बर्फ उपसला, तुला कडेवर घेऊन तळ्याच्या काठाने मैलोन्‌मैल चालले, पण नट? छे!

आता त्यांचे हात थरथरतात. फोनवर मी 'थोडेसे' म्हणत आले. खरं तर कॉफीचा कप ओठांपर्यंत भरलेला जात नाही. मागच्या शरदात त्यांनी गाडीवर ताडपत्री ओढली आणि म्हणाले, "संपलं तिचं." इस्टरला बाबांच्या जुन्या गाड्यांच्या क्लबमधला वर्न एक गिऱ्हाईक घेऊन आला. तरणाबांड गडी, गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, जुनं इंजिन फेकतो, रंग लालभडक करतो. ज्या माणसाने एका मूळ स्क्रूसाठी तीन राज्यांतली भंगारवाल्यांची दुकानं पालथी घातली, तो माणूस खाली बघून म्हणाला, "घेऊन जा."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हणाले, "गाडी विकायची नाहीये."

"मग काय लोणचं घालणार तिचं?" वर्न हसला.

"चालवणार."

"अगं एल्सी, तिला ब्रेक नाहीत!"

"मग ब्रेक करणार."

"बाई, ब्रेक आहेत ते, केक नव्हे."

"केक बिघडला तरी तुम्ही गुपचूप खाता, वर्न. ब्रेक बिघडला तर मी मरेन. म्हणजे जास्त काळजीनेच करेन की नाही?"

गिऱ्हाईक गेलं. वर्नही गेला. तुझे बाबा मात्र माझ्याशी बोलेनात.

पुढची चाकं फार कठीण गेली नाहीत. चाकाच्या आत ब्रेकचा लोखंडी ड्रम असतो, त्याच्या आतले ते छोटे सिलिंडर गंजून घट्ट बसले होते आणि त्यांतून ब्रेक ऑइल पाझरत होतं. नवे मागवले, बसवले. खरी लढाई मागची. तिथला ड्रम दांड्यावर असा चिकटलेला असतो की हातोडीने निघत नाही, आणि हातोडी मारायचीही नसते. मी पुलर, म्हणजे ड्रम ओढून काढायचं अवजार, लावला, लांब पाइप अडकवून सगळं वजन टाकून पिळला. अंगठा तेव्हाच सोलला. ड्रम ढिम्म. मग तसाच ताणलेला सोडून दिला. सकाळी आम्ही समोरासमोर बसून ओटचं खिमट खात होतो, तोच गॅरेजमधून बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. मी घाबरून उठले. बाबा चमच्यावरून नजर न काढता म्हणाले, "निघाला तुझा ड्रम." कितीतरी दिवसांनी निघालेले ते पहिले शब्द. आणि मग, "दांड्याच्या टोकाला नट अडकवून ठेवला होतास ना? नाहीतर ड्रम भिंतीतून आरपार गेला असेल." ठेवला होता. इतकी वर्षं दिवा धरून काय मी छताकडे बघत होते?

सगळं बसवल्यावर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची राहिली. ते काम एकट्याचं नाही. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी तोटी उघडायची. वर्नला फोन केला, तर म्हणाला, "त्या गाडीत तू गेलीस आणि काही झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही." मी फोन ठेवला आणि पेडलला लाकडाचा ठोकळा अडकवता येतो का ते बघत होते. तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. तुझे बाबा सपाता घालून ड्रायव्हरच्या सीटवर बसले होते. "हात गेलेत माझे, पाय नाहीत," म्हणाले. "सांग."

मी जमिनीवर आडवी पडून ओरडत होते, "दाबा... धरून ठेवा... सोडा," आणि ते निमूटपणे दाबत होते. मार्टा, आमच्या सगळ्या संसारात मी सांगतेय आणि ते ऐकतायत असं पहिल्यांदाच घडत होतं. चारही चाकं झाली. पेडल दगडासारखं घट्ट लागलं. ते खूश होते. लपवत होते, पण होते. म्हणून मी तेव्हाच सांगून टाकलं, गाडी कुठे जाणार आहे ते. ते उतरले, दार हळूच लावलं आणि घरात निघून गेले.

शुक्रवारी नेहमीप्रमाणे तळलेले मासे खायला गेलो. सगळं टेबल क्लबच्या लोकांनी भरलेलं. वर्न मोठ्याने म्हणाला, "हॅरल्ड, बायकोला आवर. एवढ्या लांब एकटी निघालीय म्हणे!" बाबांनी लिंबाची फोड पिळायचा प्रयत्न केला, जमेना, म्हणून खाली ठेवली. मग म्हणाले, "गाडी तिने उभी केलीय. कुठे न्यायची ते तीच ठरवेल. तू तुझे मासे खा."

तर बाळ, मी येतेय. तुझ्या आणि नोरीनच्या लग्नाला येतेय. तू आमंत्रण पाठवलं नाहीस. मला ते वर्नच्या बायकोकडून कळलं. का पाठवलं नाहीस तेही कळतं. तू नोरीनचं नाव काढलंस त्या दिवशी बाबा 'मुलीचं मुलीशी कसलं लग्न!' असं जे बोलले, ते माझ्याही कानांत आहे. पण ते बोलले, मी नव्हे, आणि तेव्हा गप्प राहिलेली बाई आता गप्प नाही. हमरस्ता टाळून, नदीकाठच्या जुन्या रस्त्याने, सावकाश येईन. तुमच्या डुलूथ शहरातला तो तळ्याकडे कोसळणारा उतार मी पहिल्या गिअरमध्ये उतरेन. हे बाबांनी काल दोनदा बजावलंय. ते येणार नाहीत. आधीच सांगते, म्हणजे गाडी थांबली की तू पलीकडच्या दाराकडे बघत राहू नकोस. पण मी येईन. हातमोजे न घालता येईन आणि पहिल्या रांगेत बसेन. कुणाला काही म्हणायचं असेल, तर माझ्या तोंडावर म्हणू दे.

दारात गाडीपुरती जागा मोकळी ठेव.

तुझीच, कुणाचीही परवानगी न मागता निघालेली,
आई