न नेलेल्या कपड्यांची फळी

प्रिय सोन्या,

सकाळचे नऊ वाजलेत. टूरची माणसं नाश्त्याच्या रांगेत आहेत, तुझे बाबा खिडकीशी बसून बंदरातल्या बोटी बघतायत आणि मी हॉटेलच्या फुकटच्या कागदावर लिहितेय. कागद चांगला गुळगुळीत आहे. माझा राग त्यावर मावेल असं वाटत नाही.

शहर छान आहे, ते आधी सांगते, नाहीतर म्हणशील आईला कशाचं कौतुक नाही. समुद्र इतका आत शिरलाय की दुकानाच्या दारातच जहाज उभं आहे असं वाटतं. पण तू ठरवून दिलेल्या टूरनं पहिल्याच दिवशी इथल्या मनोऱ्याच्या दोनशे पायऱ्या बाबांना चढायला लावल्या, दुसऱ्या दिवशी दिवसभर बाजार. टूरबरोबरच्या गाईड मुलीला मी दोनदा विचारलं, डॉक्टरकडे कधी न्यायचंय. तिला वाटलं माझं पोट बिघडलंय. तिनं गोळी दिली.

हो, डॉक्टर. तुझी तिकिटं आली तेव्हा मी देवापुढे बसून रडले होते. म्हटलं, पोरानं शेवटी मनावर घेतलं. सहलीच्या निमित्तानं बोलावतोय, तिथल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवणार आणि बाबांना कळूही देणार नाही. मी कपडे कमी घेतले, पण तपासण्यांची फाइल पिशवीच्या तळाशी घातली. तुला पत्रात सगळं लिहिलंच होतं. फोनवर बोलणार कशी? मोबाइल त्यांच्या खिशात, आणि ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर कायम चालू. दर रविवारी मी एवढंच विचारायची, पत्र मिळालं ना? तू म्हणायचास, "मिळालं गं. बघतो, करतो काहीतरी." त्या काहीतरीवर मी दोन वर्षं काढली. शेजारणीला सांगायची, आमचा मुलगा गोष्ट पोटात ठेवणारा आहे, बापासमोर एक शब्द निसटू देत नाही.

काल दुपारी बंदरावर दोन तास मोकळे मिळाले. तू संध्याकाळी येणार होतास, पण म्हटलं, लेकाचं घर तरी बघू. बोटीत वरच्या मजल्यावर बसायला तिकीट जास्त, म्हणून खाली इंजिनाशेजारी बसलो. बाबा खूश. चाळीस वर्षं पंप दुरुस्त केलेला माणूस. शेजारच्या परक्या माणसाला मराठीतून इंजीन समजावत होते आणि तो बिचारा मान डोलवत होता. पलीकडे उतरून, लिहून लिहून पाठ झालेला तुझा पत्ता मी लोकांना दाखवत गेले. खाली लाँड्री, वर भाड्याच्या खोल्या.

लाँड्रीवालीला तुझा फोटो दाखवला. तिनं वर बोट केलं, मग दोन्ही हातांत बॅगा धरून चालल्यासारखं करून दाखवलं. मला कळेना. तेव्हा तिनं, गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे ठेवतात त्या फळीवरून एक गठ्ठा काढला. कपड्यांना लावतात तशी नंबराची चिठ्ठी त्याला टाचलेली. माझी पत्रं. एकतीस. एकही फोडलेलं नाही. परक्या बाईनं धूळ झटकून, दोरी बांधून जपली होती. तिच्याशी बोलता येईना, नुसते हात जोडले. सर्वांत खालच्या पाकिटावर मी घातलेली तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे, बाबांच्या दुखण्याच्याही आधीची. खोली बदललीस, चांगलं केलंस. पण नवा पत्ता दिला असतास तर काय, आईची कटकट दारात आली असती? "नाही मिळालं" म्हणायला जीभ झिजली असती? वाचून फेकली असतीस तरी मी कमी चिडले असते. बाबा बाहेर बाकावर बसले होते. आत डोकावून म्हणाले, तिसऱ्या मशिनचं बेअरिंग गेलंय, सांग तिला.

संध्याकाळी तू आलास. फुलं आणलीस, तासभर बसलास, त्यातला निम्मा वेळ मोबाइलकडे बघितलंस. मी गप्प होते, कारण तोंड उघडलं असतं तर आख्खं हॉटेल गोळा झालं असतं. बाबांनी तुझ्या पाठीवर हात फिरवला, जेवणाखाणाची चौकशी केली. निघताना माझ्या कानाशी म्हणालास, बाबा ठणठणीत आहेत की.

तू दाराबाहेर पडलास आणि ते मला म्हणाले, "मुलगा सालस आहे. कुणाचा गं?"

मी सांगितलं, आपला. तर हसले. म्हणाले, छे, आपला तर अजून शाळेत जातो. सोन्या, त्या पत्रांत मी हेच लिहीत होते. मेंदूचे डॉक्टर म्हणाले होते की ओळखी एकेक करून पुसतील, आणि रोज डोळ्यांसमोर नसणारी माणसं आधी जातील. म्हणून दोन वर्षं तुला विनवत होते, ते तुला ओळखतात तोवर ये. आज चार वाजता आमची बस विमानतळावर निघते. गाईड मुलगी हे पत्र तुझ्या ऑफिसात, तुझ्याच हातात देईल. ताबडतोब ये. फुलं नकोत, आणि माझी माफी मागत वेळ घालवू नकोस, ते नंतर बघू. त्यांच्याजवळ बस, मोबाइल खिशात ठेव आणि तू कोण ते सांग. पुन्हा विचारतील. पुन्हा सांग.

चिडलेली, तरी तुझीच,
आई