बॉनेटवरचा डाग

मंगळवार, १४ मे १९७४

काय दुर्बुद्धी सुचली मला! हे सकाळीच बसनं पारशिवनीला गेले, उद्या दुपारी येतील. गाडी अंगणात कडुनिंबाखाली. बॉनेटवर कावळ्यानं घाण केली होती, उन्हानं ती पार वाळून बसली. ओल्या फडक्यानं निघेना, म्हणून मी भांडी घासायची राख आणि काथ्या घेतला. घाण निघाली, पण चकाकीही निघाली. काळ्या रंगावर तळहाताएवढा पांढुरका डाग. ह्यांनी दर रविवारी मऊ फडक्यानं पॉलिश केलेली गाडी!

खोबरेल चोळून पाहिलं. पाच मिनिटं मस्त चमकलं, मग सगळी धूळ त्यावर येऊन चिकटली. साबणानं धुतलं, तर डाग होता तिथेच.

शेजारच्या वच्छलाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काहून वं, रडून राहिली का? गाडीच आहे ना!" मी हसले. पण संध्याकाळपासून चार वेळा तो डाग पाहून आले. आपणच आधी सांगून टाकू का? एवढी कशाची भीती वाटते मला? हे हात उगारत नाहीत, ओरडतही नाहीत. आठ-आठ दिवस बोलत नाहीत, बस्स.

गेल्या उन्हाळ्यात स्टोव्हवर मनगट भाजलं, तेव्हा पेपरातून मान वर न काढता ह्यांनी विचारलं होतं, "दूध सांडलं का?" तो डाग अजून आहे. रोज ह्याच हातानं वाढते, वर्षभरात ह्यांना दिसला नाही.

बॉनेटवरचा उद्या फाटकातूनच दिसेल.