रसमाला ‘वा’

मंगळवार, वेस्ट मांबलम

आज पुन्हा तेच. समोरच्या मामींनी रसम आणलं, सासूबाईंनी दारातच चाखलं आणि म्हणाल्या, “वा!” तमिळमध्ये ‘वा’ म्हणजे ये. मामी लगेच चपला काढून आत. पहिल्या दिवशीही असंच झालं आणि तिथूनच यांचं मेतकूट जमलं. एकीला मराठी येत नाही, दुसरीला तमिळ, तरी तासभर खिदळत बसतात. रसम म्हणजे काय, मेलं चिंचेचं पाणी. माझी आमटी मात्र सासूबाई मुकाट्याने जेवतात. सांगून टाकावी का दोघींना ती ‘वा’ची गंमत? नकोच. जळतेय मी, दुसरं काय. घरात दोन्ही भाषा येतात त्या मला, आणि दोन्हींतल्या एकाही अर्थाने सासूबाई मला अजून ‘वा’ म्हणालेल्या नाहीत.